क्षेत्रगत आणि राशिगत : व्हिडिओ पाठांतील सिद्धतेविषयी काही विचार

भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त उपपत्तीचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक क्षेत्रगत आणि दुसरी राशिगत. आकृती काढून जी दाखविता येते ती क्षेत्रगत; राशींवरील क्रियांच्या क्रमाने जी मांडावी लागते ती राशिगत. ज्यांना पहिली उमगत नाही त्यांना दुसरी दाखवावी, असेही आचार्यांनी तेथे सुचविले आहे. इ. स. ११५० च्या सुमारास केलेला हा भेद आज पुन्हा आठवावयाचे कारण असे की, पदव्युत्तर वर्गातील आमचे विद्यार्थी अलीकडे सिद्धता प्रथम वाचीत नाहीत, ते ती पाहतात. आणि जे पाहिले ते कोणत्या प्रकारात मोडते हा प्रश्न त्यांना सहसा पडत नाही.

ही पाहण्याची सोय फार जुनी नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले अध्यापन-साहित्य सर्वांना विनामूल्य खुले करण्याचा संकल्प २००१ मध्ये जाहीर केला. आपल्याकडे आय. आय. टी. आणि बंगळूरचे भारतीय विज्ञान संस्थान यांचा ‘एनपीटेल’ हा उपक्रम २००३ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये ‘स्वयं’ आले. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक या मार्गाने मिळविण्याची मुभा देण्यात आली. म्हणजे हा विषय आता विद्यार्थ्याने रात्री घरी काय पाहावे एवढ्यापुरता उरलेला नाही. त्याच्या पदवीचा बराच मोठा भाग त्यात गुंतला आहे. अशा स्थितीत, ज्या काटेकोरपणे आपण एखाद्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करतो त्याच काटेकोरपणे या पाठांचेही परीक्षण व्हावयास हवे. प्रस्तुत लेखात दोन प्रसिद्ध पाठमालांतील एकाच विषयाची, निश्चयकाची, मांडणी तपासण्याचा प्रयत्न केला आहे. दोन्ही मालांविषयी लेखकाला आदर आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

पहिली माला गिल्बर्ट स्ट्रँग यांची. रेषीय बीजगणितावरील त्यांची व्याख्याने १९९९ मध्ये प्रत्यक्ष वर्गात ध्वनिचित्रित झाली. मालेतील अठराव्या पाठात निश्चयक येतो, आणि तो सूत्राने येत नाही. स्ट्रँग तीन गुणधर्म मांडतात : एकक मॅट्रिक्सचा निश्चयक १, दोन ओळींची अदलाबदल केल्यास चिन्ह बदलते, आणि इतर ओळी स्थिर ठेवल्या असता निश्चयक प्रत्येक ओळीच्या बाबतीत रेषीय असतो. या तिहींतून उरलेले गुणधर्म एकेक करून निघतात. दोन ओळी समान असतील तर निश्चयक शून्य. एका ओळीच्या पटीची दुसरीतून वजाबाकी केल्यास निश्चयक बदलत नाही. त्रिकोणी मॅट्रिक्सचा निश्चयक म्हणजे कर्णावरील पदांचा गुणाकार. मोठे सूत्र पुढच्या पाठासाठी राखून ठेवलेले आहे. ही मांडणी शुद्ध राशिगत आहे. तिच्यात पाहण्यासारखे फारसे काही नाही. फळा, खडू आणि एक बोलणारा माणूस. तरीही एका पायरीवरून दुसरीवर जाताना कोणता आधार घेतला हे प्रत्येक वेळी सांगितले जाते, आणि तो आधार वरच्या तिहींपैकीच एक असतो.

दुसरी माला ग्रँट सँडरसन यांची. ‘थ्रीब्लूवनब्राऊन’ या नावाने २०१५ पासून ते पाठ प्रसिद्ध करीत आले आहेत, आणि रेषीय बीजगणिताच्या गाभ्यावरील त्यांची माला २०१६ ची आहे. तिच्या सहाव्या प्रकरणात निश्चयक म्हणजे क्षेत्रफळ किती पट होते ते दाखविणारी संख्या. प्रतलावरील चौकटींचे जाळे आपल्या डोळ्यांसमोर तिरपे होते, ताणले जाते, कधी उलटते, कधी एका रेषेत चिरडून जाते. उलटले म्हणजे चिन्ह ऋण. चिरडले म्हणजे शून्य. अनेक वर्षे निश्चयक सोडवूनही तो काय सांगतो हे ज्याला कळले नव्हते, अशा विद्यार्थ्याला या दहा मिनिटांत जे मिळते ते पुष्कळ पुस्तकांनी त्याला दिलेले नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

पाठाच्या शेवटी सँडरसन एक प्रश्न ठेवतात : दोन मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा निश्चयक त्यांच्या निश्चयकांच्या गुणाकाराएवढा का असतो, हे एका वाक्यात सांगता येईल काय? उत्तर उघड आहे. एकामागून एक अशी दोन रूपांतरणे केली म्हणजे क्षेत्रफळ प्रथम एका पटीने बदलते, मग दुसऱ्या पटीने. पटींचा गुणाकार होतो. प्रश्न उत्कृष्ट आहे, आणि उत्तरही खरे आहे. आमच्या अडचणीला येथेच प्रारंभ होतो.

मागे एका चाचणीत आम्ही हेच गुणाकारप्रमेय सिद्ध करण्यास सांगितले होते. फक्त मॅट्रिक्सची पदे ० आणि १ या दोनच घटकांच्या क्षेत्रातील घेतली होती. (मराठी परिभाषेत ‘क्षेत्र’ हा शब्द बीजगणितातील संरचनेलाही वापरतात आणि भूमितीतील आकृतीलाही, भास्कराचार्यांचे क्षेत्र दुसऱ्या अर्थाचे. वाचकांनी गोंधळ करून घेऊ नये.) एका हुशार विद्यार्थ्याने उत्तरात वरील एकच वाक्य लिहिले. त्याने पाठ लक्षपूर्वक पाहिला होता यात शंका नव्हती. परंतु दोन घटकांच्या क्षेत्रावरील प्रतलात बिंदू अवघे चार. तेथे ताणावयास चौकट नाही, मोजावयास क्षेत्रफळ नाही. प्रमेय मात्र तेथेही खरे आहे. ज्या अर्थी ते क्षेत्रफळाशिवाय खरे राहते, त्या अर्थी क्षेत्रफळ हे त्याचे कारण नव्हे, निदान एकमेव कारण तरी नव्हे. आणि त्या विद्यार्थ्याच्या मनात कारण व चित्र यांचा सांधा इतका घट्ट जुळला होता की चित्र नाहीसे झाल्याचे त्याच्या ध्यानातच आले नाही.

वास्तव संख्यांपुरते पाहिले तरी त्या एका वाक्यात पुष्कळ काही दडलेले आहे. एकक चौरसाचे क्षेत्रफळ ज्या पटीने बदलते त्याच पटीने प्रत्येक आकृतीचे का बदलावे? सँडरसन याचे उत्तर पाठात देतात : जाळ्यातील सर्व चौकटी सारख्याच बदलतात, आणि वाकडीतिकडी आकृती बारीक चौकटींनी हवी तितकी जवळून भरून काढता येते. येथे सीमेचा सिद्धांत आला, क्षेत्रफळाचे अस्तित्व आले. पदवीपूर्व श्रोत्यासाठी ते सूचित करून पुढे जाणे योग्यच आहे. पण पदव्युत्तर विद्यार्थ्याने ती सूचना म्हणजेच सिद्धता असे समजावे काय?

राशिगत मार्गाने तीच गोष्ट अशी निघते. दुसरी मॅट्रिक्स स्थिर धरा आणि पहिली बदलू द्या. गुणाकाराची प्रत्येक ओळ म्हणजे पहिलीची तीच ओळ गुणिले दुसरी मॅट्रिक्स. म्हणून गुणाकाराचा निश्चयक पहिलीच्या प्रत्येक ओळीच्या बाबतीत रेषीय आहे. पहिलीच्या दोन ओळी समान असतील तर गुणाकाराच्याही त्या दोन ओळी समान, म्हणून निश्चयक शून्य. परंतु हे दोन गुणधर्म असलेले प्रत्येक फल निश्चयकाची एक स्थिर पट असते. ती पट कोणती हे पहिलीच्या जागी एकक मॅट्रिक्स ठेवताच कळते : दुसरीचा निश्चयक. प्रमेय सिद्ध झाले, आणि ते कोणत्याही क्षेत्रावर सिद्ध झाले. सगळा भार ‘प्रत्येक फल’ या शब्दांतील एकमेवतेवर आहे. ती वेगळी सिद्ध करावी लागते, आणि ती करताना कष्ट पडतात.

तथापि स्ट्रँग यांच्या मांडणीलाही एक मर्यादा आहे, आणि ती चित्राअभावी नव्हे तर गृहीतांमुळे येते. दोन ओळी समान असता निश्चयक शून्य, हे ते अदलाबदलीच्या नियमावरून काढतात : ओळी बदलल्या तर चिन्ह बदलावे, पण मॅट्रिक्स तर तीच राहिली, म्हणून निश्चयक स्वतःच्या ऋणाएवढा, अर्थात शून्य. वास्तव संख्यांत हे निर्दोष आहे, आणि त्यांचा पाठ वास्तव संख्यांविषयीच आहे. दोन घटकांच्या क्षेत्रात मात्र प्रत्येक संख्या स्वतःच्या ऋणाएवढीच असते, त्यामुळे या युक्तिवादातून काहीच निष्पन्न होत नाही. पहिली ओळ क, ख आणि दुसरी ग, घ असलेली मॅट्रिक्स घेऊन ‘कघ + खग + कग’ हे फल पाहावे. त्या क्षेत्रावर ते स्ट्रँग यांचे तिन्ही नियम पाळते. तरीही दोन्ही ओळी १, ० असताना त्याची किंमत १ येते. तीन नियमांनी निश्चयक एकमेव ठरतो हे तेथे खरे राहत नाही. समान ओळींचा नियमच मूळ गृहीत म्हणून घ्यावा लागतो. फळ्यावरचा पाठ पाहून ज्याने नियम पाठ केले त्याचीही या ठिकाणी वरील विद्यार्थ्यासारखीच फसगत होते. तेव्हा चित्र फसवे आणि अक्षरे विश्वासार्ह, अशी सोपी वाटणी करण्याचा मोह आवरला पाहिजे.

मग व्हिडिओ पाठाचा म्हणून काही विशेष दोष आहे की नाही? आमच्या मते आहे, आणि तो काळाशी निगडित आहे. छापील सिद्धता वाचताना गती वाचकाच्या हाती असते. न कळलेल्या ओळीवरून डोळा आपोआप माघारी वळतो. पाठ मात्र, पाहणाऱ्याची समज थांबली तरी, पुढे जात राहतो. यावर ‘पाठ हवा तेथे थांबविता येतो’ असे उत्तर देण्यात येते. ते अर्धेच खरे आहे. अडले आहे असे ज्याला जाणवते तोच थांबवितो. सिद्धतेतील धोक्याच्या जागा बहुधा अशा असतात की जेथे अडल्याची जाणीवच होत नाही : ‘प्रत्येकासाठी असा एक’ आणि ‘असा एक की जो प्रत्येकासाठी’ यांतील फरक कानावरून सहज निसटून जातो, आणि बोलणाऱ्याचा स्वर आश्वासक असला म्हणजे तर अधिकच.

या दृष्टीने स्ट्रँग यांच्या मालेतील एकोणतिसावा पाठ आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. विषय सिंग्युलर व्हॅल्यू विघटनाचा. उदाहरणातील मॅट्रिक्सच्या ओळी ४, ४ आणि −३, ३. डावीकडील आणि उजवीकडील एकक सदिश ते दोन वेगवेगळ्या गुणाकारांतून स्वतंत्रपणे काढतात, आणि शेवटी तिन्ही घटक गुणून पाहतात तो दुसऱ्या ओळीची चिन्हे उलटी येतात. चूक कोठे झाली हे त्या क्षणी सापडत नाही. ध्वनिचित्रणातून तो भाग कोणी कापलेला नाही. ज्या विद्यार्थ्याने येथे कागद घेऊन बसण्याचे कष्ट केले त्याला आढळेल की हे सदिश चिन्हापुरते अनिश्चित असतात. उजवीकडील सदिश एकदा निवडले की डावीकडील सदिश मूळ मॅट्रिक्सने गुणूनच काढले पाहिजेत, तेथे दुसऱ्यांदा स्वतंत्र निवड करता येत नाही. विघटनाचे मर्म नेमके हेच आहे. निर्दोष पाठात ही गोष्ट एका वाक्यात सांगितली गेली असती आणि दुसऱ्या वाक्याबरोबर विसरलीही गेली असती.

सँडरसन यांच्याविषयीही न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या माध्यमाच्या मर्यादेवरील उत्तम टीका त्यांनी स्वतःच केली आहे. २०२२ मध्ये त्यांनी चित्रमय सिद्धतांनी खोटे कसे पटवून देता येते यावर एक पाठ प्रसिद्ध केला. त्यात गोलाच्या पृष्ठभागाच्या संत्र्याच्या फोडींसारख्या उभ्या पाकळ्या कापून, सपाट करून, उत्तरेकडील व दक्षिणेकडील पाकळ्या एकमेकींत बसवून एक आयत तयार केला आहे. त्रिज्या १ असता या आयताचे क्षेत्रफळ पायचा वर्ग, म्हणजे सुमारे ९.८७ भरते, खरे पृष्ठफळ पायच्या चौपट, सुमारे १२.५७ आहे. पाकळ्या कितीही बारीक केल्या तरी हा फरक मिटत नाही, कारण ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे येताना पाकळीची रुंदी सरळ प्रमाणात वाढत नाही, अक्षांशाच्या कोसाइनप्रमाणे बदलते; सपाट केलेल्या पाकळीच्या कडा फुगीर असतात, त्रिकोणाच्या नसतात. डोळ्याला ते दिसत नाही. निश्चयकाचा पाठ पाहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा पाठ त्यानंतर लगेच पाहावा, अशी आमची शिफारस आहे. तेथे आकृतीला बारीक चौकटींनी भरणे चालले, येथे बारीक पाकळ्यांनी चालले नाही; का, याचा विचार केल्यावाचून पहिल्या पाठावरचा विश्वासही आंधळाच ठरतो.

राहिला तिसरा प्रकार, जो आपल्या देशात विपुल आहे : पडद्यावर आधीच पूर्ण लिहिलेली सिद्धता येते आणि अध्यापक ती वाचून दाखवितात. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ते पुस्तकच आहे, फक्त त्याचे पान उलटणे वाचकाच्या हाती नाही.

याहून गंभीर बाब परीक्षेची आहे. अशा अनेक अभ्यासक्रमांतील साप्ताहिक स्वाध्याय बहुपर्यायी किंवा अंकी उत्तराचे असतात, कारण हजारो उत्तरे यंत्राने तपासावयाची असतात. परिणामी एखाद्या विद्यार्थ्याने रेषीय बीजगणिताचे श्रेयांक मिळवावेत आणि त्या संपूर्ण काळात एकही सिद्धता स्वतःच्या हाताने लिहू नये, हे सहज शक्य होते. श्रेयांक मान्य करणाऱ्या विभागांनी निदान लेखी सिद्धतांची एक चाचणी आपल्याकडे ठेवावी, असे आम्हांला आग्रहाने सुचवावेसे वाटते. यंत्राची अडचण विभागाला नाही.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला आम्ही तो प्रश्न पुन्हा सोडविण्यास दिला होता. आठवड्याने त्याने जे आणले ते आमच्या अपेक्षेबाहेरचे होते. राशिगत सिद्धतेकडे तो वळलाच नव्हता. क्षेत्रफळ नाही तर बिंदू मोजू, असे त्याने ठरविले. दोन घटकांच्या क्षेत्रात निश्चयक ० किंवा १ एवढाच असतो. तो १ असेल तर रूपांतरणानंतर प्रतलातील चारही बिंदू शाबूत राहतात, ० असेल तर काही बिंदू एकमेकांवर येतात. दोन रूपांतरणे लागोपाठ केल्यावर चारही शाबूत राहावयाचे तर दोन्हींनी ते शाबूत ठेवलेच पाहिजेत. येथे एवढेच पुरते. सिद्धता पूर्ण होती, आणि ती आकृतीच्याच वळणाची होती. आम्ही तिला पूर्ण गुण दिले आणि खाली लिहिले : तीन घटकांच्या क्षेत्रात निश्चयक १ असो वा २ असो, नऊही बिंदू शाबूतच राहतात, मोजणीला यांतील फरक कसा कळावा? ती वही अद्याप परत आलेली नाही.