‘द क्रू’: रस्ता होता, गाडी होती

युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ (२०१४) या गेमची कथा बेतास बात होती: भावाचा खून, एफबीआयशी हातमिळवणी, बदला. पण नकाशा अफाट! अख्खी अमेरिका लहान करून बसवलेली. न्यूयॉर्कहून निघून थेट लॉस एंजेलिसपर्यंत गाडी हाकता यायची. शर्यत सोडून नुसतं भटकण्यातच खरी मजा होती.

हे सगळं भूतकाळात लिहावं लागतंय. एकट्यानं खेळतानाही या गेमला कंपनीचा सर्व्हर लागायचा. म्हणजे आपण कधी आणि किती वेळ खेळतो, हे कंपनीला कळणार. आपल्या हाती मात्र काहीच नाही. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाला आणि विकत घेतलेली डिस्कसुद्धा निकामी झाली.

फसलेली कादंबरीही रद्दीच्या दुकानात सापडते, पुन्हा वाचून मत बदलता येतं. इथे तीही सोय ठेवली नाही. पुढे २०२५मध्ये चाहत्यांनी स्वतःचा सर्व्हर उभारून पीसीवर हा गेम परत चालवून दाखवला. तेव्हा अडचण तंत्राची नव्हतीच. आपण पैसे मोजले ते गेमसाठी, कंपनीच्या लेखी मात्र ते फक्त प्रवेशाचं तिकीट होतं.