मिठाविना भात आणि ओवी : आरोपाच्या संहितेचे वाचन

गोव्यातील इन्क्विझिशनकडे मराठी अभ्यासकांनी मुख्यतः छळाचा इतिहास म्हणून पाहिले आहे. ते स्वाभाविकच होते. परंतु छळ ज्या भाषेतून घडतो ती भाषाही एक संहिताच असते आणि तिचे वाचन हे इतिहासकाराइतकेच समीक्षकाचेही काम आहे. अ. का. प्रियोळकर यांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथामुळे परिचित झालेले न्यायासनाचे १७३६ चे फर्मान या दृष्टीने पुन्हा वाचावे लागते.

फर्मानाचा रोख बाप्तिस्मा घेतलेल्या एतद्देशीयांवर आहे. त्यात देवतांची नावे किंवा धर्मतत्त्वांची चर्चा अभावानेच आढळते. आढळतो तो घरसंसार. लग्नातील विड्याची पाने, वधूवरांना लावायची हळद, अंगणातील तुळस, एकादशीचा उपवास, पुरुषाचे धोतर, स्त्रीची चोळी. भात मीठ न घालता शिजवू नये आणि मीठ मागाहून घेऊ नये, असाही दंडक आहे. मीठ भातात केव्हा पडले, यावरून श्रद्धा ओळखायची! फर्मान हास्यास्पद वाटते ते येथेच, आणि त्याची भीषणताही येथेच आहे. श्रद्धा अदृश्य असल्यामुळे तिचा पुरावा दृश्य वस्तूंत शोधावा लागतो. म्हणून दैनंदिन जीवनातील प्रत्येक वस्तू चिन्ह बनते, आणि चिन्हाचा अर्थ लावण्याचा अधिकार तेवढा सत्तेकडे राहतो.

या चिन्हव्यवस्थेची सापेक्षता रायगडच्या किनाऱ्यावर जितकी उघडी पडते तितकी गोव्यातही पडत नाही. रेवदंड्याच्या तटबंदीतील पोर्तुगीज चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे येईपर्यंत गोव्याच्या न्यायासनाच्याच कक्षेत होते. उत्तरेकडील ठाणी या कक्षेतून सुटलेली नव्हती. गॅब्रिएल देलाँ या फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये अटक झाली ती दमणला. शनिवारी काम थांबवणे, स्वच्छ वस्त्रे नेसणे, शुक्रवारी सांजेला दिवे लावणे ही गुप्त यहुदीपणाची लक्षणे म्हणून पोर्तुगीज इन्क्विझिशनने १५३६ पासूनच नोंदवून ठेवली होती. चौलच्या कोटातील एखाद्या ‘नव्या ख्रिश्चना’च्या दारी शनिवार पाळला गेला तर तो गुन्हा ठरणार. याच किनारपट्टीच्या गावांतून घाणा चालवणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, आणि शेजारी त्यांना त्यावरून नुसते ‘शनिवार तेली’ म्हणत. आचार एकच. एका व्यवस्थेत त्याचा आरोप झाला, दुसरीत जातीचे नाव. (जातीचे नाव निरुपद्रवी असते असे अर्थातच नाही, पण त्यासाठी कुणाला जाळले गेले नाही.)

मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटन वसाहतीशी तुलना करायची ती याच पातळीवर. कॅथलिक न्यायासन आणि प्युरिटन समाज एकमेकांना सैतानाचे हस्तक मानीत. तरी घरात पुरावा शोधण्याची रीत दोघांची सारखीच. १६५९ मध्ये तेथे नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला. कायदा टिकला १६८१ पर्यंत. १६९२ मध्ये सेलममध्ये ब्रिजेट बिशपविरुद्ध तळघराच्या भिंतीत सापडलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या पुढे आल्या. त्या वर्षी एकोणीस जणांना फाशी झाली. आरोपाला उत्तरच न देणारा जाइल्स कोरी दगडांखाली चिरडला गेला. कबुली देणारे मात्र बहुतांशी वाचले. आर्थर मिलरने १९५३ च्या ‘द क्रूसिबल’मध्ये हाच पेच नाट्याच्या केंद्रस्थानी ठेवला.

पण साम्यावर समाधान मानणे सवंगपणाचे होईल. सेलममध्ये तपासणी उघड्यावर होत असे, आरोप करणारे समोर असत, प्रश्नोत्तरे टिपली जात. गोव्यात साक्षीदार गुप्त असे आणि आरोपही सांगितला जात नसे. आपला गुन्हा कोणता हे कैद्याने स्वतःच आठवून कबूल करायचे. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देलाँच्या वृत्तान्ताचे कथनतंत्र यातूनच घडले आहे: त्याचा निवेदक आपल्याच गतायुष्याचा संशयी वाचक होतो. मिलरला नाटक सापडले, कारण सेलमच्या दप्तरात संवाद होते. गोव्याचे दप्तर न्यायासन १८१२ मध्ये बंद झाल्यावर जवळजवळ सारे नष्ट झाले.

या नाशामुळे कार्लो गिन्झबर्ग यांची सूचनाही येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. इन्क्विझिटरला मानववंशशास्त्रज्ञाच्या जागी कल्पून त्याच्या नोंदींतून दडपलेला आवाज ऐकता येतो, हे त्यांचे प्रतिपादन इटलीतील सविस्तर जबान्यांवर उभे आहे. गोव्याबाबत उरली आहे ती जुआंव देल्गादु फिगेइरा याने १६२३ पर्यंतच्या ३८०० खटल्यांची केलेली सूची. खटल्यांची जंत्री आहे, जबानी नाही. १७३६ चे फर्मान म्हणूनच मोलाचे आणि म्हणूनच फसवे. ते आचारांची यादी देते, त्यांमागील बोलणे पुसते.

मराठी वाङ्मयेतिहासाला हे पुसणे सर्वांत अधिक जाणवावे ते ओवीच्या संदर्भात. फर्मानाने लग्नप्रसंगीच्या ओव्यांवरही बंदी घातली. परंतु १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते ओवीतच! राशोलला छापलेली ओवी आणि लग्नघरात गायलेली ओवी यांच्यात विभाजनरेषा छंदाची नव्हती, नुसती आशयाचीही नव्हती. ग्रंथातील ओवीला नामवंत कर्ता होता, तिची प्रत होती, छापण्यापूर्वी तिला धर्माधिकाऱ्यांची अनुमती घ्यावी लागे. बायकांच्या ओवीला कर्ता नाही, प्रत नाही. ती गाणारीगणिक बदलते, त्यामुळे तिची तपासणी करता येत नाही. जे तपासता येत नाही ते निषिद्ध. प्रियोळकरांनी मुद्रणाचा इतिहास १९५८ मध्ये लिहिला आणि इन्क्विझिशनचा १९६१ मध्ये; हे दोन ग्रंथ शेजारी ठेवले तरच ओवीची ही दुभंगलेली कहाणी दिसू लागते. ‘क्रिस्तपुराणा’च्या भाषिक समन्वयाचा गौरव करताना आपल्या समीक्षेने तिचा उत्तरार्ध बहुधा वगळला आहे.

फर्मानातील त्या ओव्या कोणत्या होत्या, कुणाच्या कंठात होत्या, याचा एकही शब्द त्यात नाही. आहे ते एवढेच की पोर्तुगीज लेखनिकाने कोकणी अनेकवचन ऐकून रोमन लिपीत ‘वोविओस’ असे उतरवून घेतले आणि त्याला स्वतःच्या भाषेचा प्रत्यय जोडला.