‘कामगार’ शब्दाचे अर्थांतर

भिवंडीच्या एका यंत्रमागाच्या गाळ्यात मेहताजी म्हणून आयुष्य काढलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचावयास घेतला, आणि थोड्याच दिवसांनी आम्हांस विचारले, ‘‘जोतीरावांचा कामगारांवर एवढा रोष का?’’ प्रश्न भाबडा खरा. परंतु आम्हांस तो मोलाचा वाटला. त्या ग्रंथातील कामगार घाम गाळणारा नव्हे. ब्राह्मण कामगार, गोरे कामगार म्हणजे सरकारी अंमलदार, आणि शेतकऱ्यास नाडणारे तेच. त्या काळी हा शब्द हुद्देदाराचा होता. ‘गाव कामगार तलाठी’ हा शिक्का सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कित्येकांनी पाहिला असेल. त्यात तोच जुना अर्थ जीव धरून राहिला होता.

‘असुडा’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’ पत्रात छापली गेली. पुढील भाग मात्र त्या पत्राने छापला नाही. संपादक होते नारायण मेघाजी लोखंडे. याच लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरण्यांतील हजारो लोकांच्या सह्यांचा अर्ज तयार करविला, आणि १८९० साली गिरण्यांस रविवारची सुटी मिळाली तीही त्यांच्याच खटपटीने. म्हणजे पाहा, एकाच पत्राच्या स्तंभांत कामगार म्हणून अंमलदाराची झाडाझडती होत होती, आणि ज्यांस आज आपण निःशंकपणे कामगार म्हणतो त्यांची बाजू तेच पत्र मांडीत होते!

पुढे १९०९ च्या सुमारास सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने ‘कामगार हितवर्धक सभा’ निघाली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून ‘गिरणी कामगार युनियन’ उभी राहिली, तेव्हा शब्द खुर्ची सोडून साच्यापाशी कायमचा येऊन बसला होता. कोणी यास शब्दाची अवनती म्हणतील. आमचे मत अगदी उलट आहे. ‘मजूर’ हा फारसीतून आलेला शब्द मनुष्यास केवळ त्याच्या मजुरीवरून ओळखतो. ‘कामगार’ त्यास कामावरून ओळखतो. हुद्देदाराचा शब्द गिरणीतल्या माणसास लागला, तेव्हा त्याबरोबर थोडा मानही त्याच्या वाट्यास आला. हे कोणी ठरवून केले असे आमचे म्हणणे नाही. शब्द ठराव करून बदलत नसतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापड विणण्याचे पुष्कळसे काम भिवंडीच्या गाळ्यांत गेले. काम गेले, पण त्याबरोबर शब्द गेला काय? येथे बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी आणि भिशीत जेवण. एकाच मालकाचे माग निरनिराळ्या नावांवर विभागले, की प्रत्येक नावावर दहांहून कमी माणसे दिसत, आणि १९४८ चा कारखाना कायदा लागू होता तोवर तो उंबऱ्याबाहेरच थांबत असे. माग चालविणारा स्वतःस ‘कारीगर’ म्हणवितो. हा शब्दही देखणा आहे, पण त्याच्या पाठीशी हजेरीपट नाही. वृत्तपत्रांविषयी आमची तक्रार निराळी आहे. मजुरीवाढीची मागणी झाली की ती ‘यंत्रमाग कामगार’ असे लिहितात. परंतु मे २०२० च्या आरंभी भिवंडीहून गोरखपूरकडे आगगाडी सुटली, आणि हीच माणसे नाशिकच्या रस्त्याने पायी निघाली, तेव्हा सरकारने गाडीस ‘श्रमिक’ नाव दिले आणि मराठी पत्रांनी प्रवाशांस ‘स्थलांतरित मजूर’ म्हटले. एका रात्रीत त्यांचे कामच नाहीसे झाले होते, म्हणून की काय, कामाचा शब्दही त्यांच्याकडून काढून घेतला गेला. ऐंशी-नव्वद वर्षांत मिळविलेला तो शब्द इतक्या सहज सोडून देताना एकाही संपादकाची लेखणी अडखळली नसेल, तर ते आम्हांस शोचनीय वाटते.

आमच्या स्नेह्यांस आम्ही हे सारे सांगितले. ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मी इतकी वर्षे वह्या लिहिल्या. नावापुढे मीटर लिहीत असे. माणूस कोण, याचा रकानाच त्यांत नव्हता.’’