मोहोरबंद फिर्याद

कॅथरिन इबन ह्या अमेरिकन पत्रकार लेखिकेच्या ‘बॉटल ऑफ लाइज’ (२०१९) ह्या इंग्रजी ग्रंथाचा प्रारंभ आपल्या महाराष्ट्रातच होतो. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा एक निरीक्षक तेव्हाच्या औरंगाबादजवळील वाळूज येथे वोखार्ट कंपनीच्या कारखान्यात तपासणीसाठी आला असता, एक कामगार फाडलेल्या कागदांची पिशवी घेऊन लगबगीने चाललेला त्याला दिसतो. त्या कागदांवर औषधांच्या तपासणीच्या नोंदी होत्या. पुस्तक हाती घेतल्यावर खाली ठेववत नाही ते ह्या पहिल्या प्रसंगापासूनच. तथापि ग्रंथाचा मुख्य नायक हा निरीक्षक नव्हे. रॅनबॅक्सी ह्या बलाढ्य कंपनीची लबाडी उघडकीस आणणारा दिनेश ठाकूर हा अभियंता तिचा नायक आहे, आणि पुस्तकाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा त्याच्याविषयीच असते. मला मात्र येथे एका दुय्यम पात्राविषयी लिहावयाचे आहे. ते पात्र म्हणजे ठाकूरचा वकील.

कथानक थोडक्यात असे. अमेरिकेतील नोकरी सोडून ठाकूर २००३ साली रॅनबॅक्सीत रुजू झाला. पुढच्या वर्षी वरिष्ठांनी त्याला कंपनीच्या चाचण्यांच्या नोंदी तपासावयास सांगितले, तेव्हा अनेक देशांत सादर केलेले आकडे बनावट असल्याचे त्याला आढळले. संचालकांपुढे अहवाल गेला, परिणाम शून्य. २००५ मध्ये नोकरी सोडून त्याने नाव बदलून अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पत्रे पाठविण्यास आरंभ केला. मे २०१३ मध्ये कंपनीने सात फौजदारी गुन्हे कबूल केले आणि एकूण ५० कोटी डॉलर भरावयाचे मान्य केले. मधल्या आठ वर्षांपैकी सहा वर्षे अँड्र्यू बीटो हा वॉशिंग्टनचा वकील ह्या जागल्याच्या पाठीशी होता.

बीटोने जो कायदा वापरला तो १८६३ सालचा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात व्यापारी सरकारी सैन्याला निकृष्ट माल विकून पैसा करीत होते, त्यांना आवर घालण्यासाठी लिंकनच्या काळात तो झाला. सरकारची फसवणूक ज्याला ठाऊक आहे असा कोणीही खाजगी माणूस सरकारच्या वतीने फिर्याद लावू शकतो आणि वसुलीच्या १५ ते ३० टक्के रकमेवर त्याचा हक्क असतो. अशा फिर्यादीला वकीलवर्ग ‘क्वी ताम’ म्हणतो. सेमिनरीत आम्ही घोकलेले लॅटिन असे अवचित भेटले की मौज वाटते: जो राजासाठी आणि तितकाच स्वतःसाठीही दावा लावतो तो, असा त्या मूळ वचनाचा आशय. त्यातील ‘तितकाच’ हा शब्द प्रामाणिक आहे.

ही फिर्याद मोहोरबंद दाखल होते. सरकार तपास पुरा करीपर्यंत, म्हणजे कधी कधी वर्षानुवर्षे, तिचा उच्चार करावयाचा नाही. वकिलाच्या कामाचे खरे स्वरूप मला येथे उमगले. अशील येतो तो संतापाने, भयाने, अपराधाच्या भावनेने भरलेला असतो. त्याला ओरडून सांगावयाचे असते. वकील त्याला गप्प बसवतो आणि विचारतो: कोणता कागद? कोणत्या तारखेचा? कोणी पाहिले? प्रत कुठे आहे? सद्सद्विवेकाच्या टोचणीचे पुराव्यात रूपांतर करण्याचे हे रुक्ष, कंटाळवाणे काम आहे. त्यासाठी अशिलाकडून आगाऊ पैसा सहसा घेतला जात नाही. खटला जिंकला तर हिस्सा, हरला तर काही नाही. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आम्हीही गुपित ऐकतो व जपतो; परंतु आमची मोहोर कधीच फुटत नाही, वकिलाची मात्र योग्य दिवशी फुटावी म्हणूनच लावलेली असते.

लेखिकेने ह्या पात्राला न्याय दिला आहे असे मला वाटत नाही. तिची लेखणी पाठलागात रमते, प्रतीक्षेत रमत नाही. धाडी, छुपे दस्तऐवज, निरीक्षकांची धाडसे ह्यांवर ती प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करते. वकिलाची वर्षे मात्र चार वाक्यांत उरकते. भारताचे चित्र एकाच काळ्या रंगात काढण्याचा मोहही तिला पुष्कळदा आवरत नाही. ठाकूरच्या वाट्याला सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर आले, त्यावरून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्या रकमेत काही गैर दिसत नाही. खटकते ते निराळे. हा कायदा नुकसान मोजतो ते अमेरिकन सरकारच्या तिजोरीचे. कणकवलीच्या बाजारपेठेत मेडिकल स्टोअरच्या फळीवर पदरचे पैसे टाकून गोळ्या विकत घेणारी फोंडाघाटची म्हातारी त्या हिशेबात कोठेच बसत नाही, आणि हा प्रश्न पुस्तकात पुरेसा विचारलेला नाही.

आपल्याकडे असे वकील का नाहीत? येथील न्यायालयात सातबारा, कुळकायदा, सामाईक जमिनीच्या वाटण्या ह्यांत वकिलांचे आयुष्य जाते, हा त्यांचा दोष नव्हे. २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, पण तो आजतागायत अंमलात आलेला नाही. शिवाय तो लोकसेवकांच्या गैरव्यवहारापुरता आहे, खाजगी कारखाना त्याच्या बाहेर. सत्येंद्र दुबे ह्या अभियंत्याने महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली, आणि ते पत्र नावासह टेबलांवरून फिरत राहिले. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्याची हत्या झाली. न्यायालयाने ते लुटारूंचे कृत्य ठरवले. परंतु मोहोर फुटली होती हे खरेच.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील रसायनशास्त्राचा एक पदवीधर गोव्यातील एका कारखान्यात लागला होता. एका शनिवारी गाडीने घरी आला तो थेट माझ्याकडे. म्हणाला, “फादर, उद्याच्या तपमानाच्या नोंदी आजच भरून सही करायला सांगतात. काय करू?” मी म्हटले, “बाबा, खोट्यावर सही करू नकोस. नोकरी सोड.” त्याने ऐकले. आज तो मामाच्या दुकानात बसतो. त्याच्या जागी आलेल्या कोणीतरी ती नोंदवही भरली असणार. त्या दिवशी मी त्याला नोंदवही कोणती, तारीख कोणती, आणखी कोणाला ठाऊक आहे, ह्यांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. हे पुस्तक वाचताना ती चूक मला पानोपानी आठवत होती.

ठाकूरने २०१६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात औषध-नियंत्रणाविषयी जनहित याचिका केल्या. त्या फेटाळल्या गेल्या. त्यानंतर प्रशांत रेड्डी ह्या कायदेतज्ज्ञासह त्याने लिहिलेले ‘द ट्रूथ पिल’ २०२२ मध्ये आले. वाचनीयतेत ते इबनबाईंच्या ग्रंथाची बरोबरी करीत नाही, कलमे आणि निकालपत्रे ह्यांची त्यात दाटी आहे. पण इबनबाईंनी जे चार वाक्यांत उरकले ते काम तेथे सविस्तर दिसते. ज्यांच्या घरी मुलगा वा मुलगी कायदा शिकत आहे, किंवा औषधाच्या कारखान्यात नोकरीला आहे, त्यांनी हे दुसरे पुस्तक आधी वाचावे. पहिल्याचा अनुवाद कोणी मराठीत करणार असेल तर वाळूजच्या प्रकरणावर आपल्या वाचकांसाठी टिपा जरूर द्याव्यात.