खांब वाकला, म्हणजे नापास झाला का?

अपघातानंतर रस्त्याकडेचा पोलादी कठडा आडवा झालेला दिसला की 'काय हे निकृष्ट काम!' असा शेरा हमखास ऐकू येतो. काम कधी खरोखरच निकृष्ट असते. पण वाकलेला खांब हा त्याचा पुरावा नव्हे. न वाकणारे ते मजबूत आणि मजबूत ते सुरक्षित, ही या शेऱ्यामागची समजूत विज्ञानाच्या तासातही नकळत पोसली जाते. टक्करीच्या धड्यात आपण गोट्या आणि कॅरमच्या सोंगट्या घेतो, आणि जी टक्कर स्थितिस्थापक नाही तिथे 'गतिज ऊर्जेचा ऱ्हास होतो' एवढे सांगून फळा पुसतो. ती ऊर्जा गेली कुठे आणि तिने कोणते कार्य केले, हा खरा विषय असताना नेमका तोच राहून जातो.

अमेरिकेतील 2009 च्या चाचणी-निकषांतील आकडे घेऊ. 2270 किलोग्रॅमचा पिकअप ट्रक, वेग ताशी 100 किलोमीटर, कठड्याशी कोन 25 अंश. एकूण गतिज ऊर्जा सुमारे 876 किलोज्यूल भरते. कठड्याला ही सगळी पचवायची नसते. वेगाचा कठड्याला लंब असलेला घटक सेकंदाला 11.7 मीटर, आणि त्याच्या वाट्याची ऊर्जा सुमारे 156 किलोज्यूल, म्हणजे एक पंचमांशाहूनही कमी. तेवढी शोषून गाडीला पुन्हा रस्त्याच्या दिशेला वळवायचे, एवढेच त्याचे काम. (सदिशांच्या विघटनासाठी नदी ओलांडणाऱ्या होडीला आता थोडी सुटी द्यायला हरकत नाही.) हा आडवा वेग एक मीटर अंतरात शून्यावर आणला, तर सरासरी ऋण त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे सातपट येते, पाव मीटरात आणला, तर अठ्ठावीसपट. गाडीत बसलेल्या माणसाच्या बरगड्यांना हा फरक चांगलाच कळतो.

हे अंतर खांब मिळवून देतो. त्याची लांबी साधारण 1.8 मीटर, त्यातला मीटरभर भाग जमिनीत. धडक बसली की तो जमिनीखालच्या एका बिंदूभोवती मागे कलतो आणि पाठीमागची माती रेटत नेतो. ऊर्जेचा बराच वाटा ही मातीच खाते. त्याच वेळी खांब आणि पट्टी जोडणारा बोल्ट पट्टीच्या खाचेतून निसटावा लागतो. नाही तर कलणारा खांब पट्टीला खाली ओढील आणि गाडी तिच्यावरून पलीकडे जाईल. सुटलेली पट्टी ताणलेल्या दोरासारखी गाडीला अडवून धरते. खांबाचा छेद इंग्रजी 'आय' अक्षरासारखा असतो. रस्त्याला आडव्या दिशेने वाकताना तो जेवढा विरोध करतो, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा रस्त्याच्या दिशेने करतो. त्यामुळे एखादे चाक त्याला अडकले, तर तो चाकापुढे लवकर आडवा होतो.

म्हणूनच गवत वाढू नये किंवा 'जास्त मजबुती यावी' म्हणून खांबाच्या बुडाशी काँक्रीट ओतणे मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. काँक्रीटने खांब जमिनीलगत करकचून धरला की माती बाद झाली. आता तो कलत नाही. धरलेल्या जागी वाकतो किंवा पिळला जातो, ताण पट्टीच्या छोट्या भागात साचतो आणि पट्टी फाटण्याचा धोका वाढतो. यावर अमेरिकेत वापरला जाणारा उपाय साधा आहे: खांबाभोवती फरसबंदीत मोकळी चौकट सोडायची आणि ती सहज फुटेल अशा कमजोर मिश्रणाने भरायची. मुद्दाम कच्चे काम करायचे, हे कंत्राटदाराला पटवणे मात्र सोपे नसावे.

अर्थात वाकण्याचे गोडवे गातानाही भान हवे. कठड्यामागे मोकळी जागा नसेल, किंवा खांब उताराच्या अगदी कडेवर रोवून मागे पुरेशी मातीच उरली नसेल, तर वरचे गणित कोसळते. अशा ठिकाणी, विशेषतः घाटात आणि पुलांवर, खांब जवळजवळ रोवणे, ते अधिक खोल नेणे किंवा सरळ काँक्रीटची भिंत घालणे हाच मार्ग उरतो. शिवाय वरचे आकडे पिकअपचे आहेत. भरलेल्या मालट्रकला तोच कठडा पुरेल असे धरता येणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने 2015 साली अशा कठड्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक संहिता काढली. पण संहितेत न बसणारी एक दुरुस्तीही चालते: कललेला खांब ओढून उभा करायचा आणि वर रंग मारायचा. एकदा कायमचे वाकलेले पोलाद पुन्हा तेवढे वाकण्याआधी तडकू शकते, आणि भोवतीची माती नव्याने ठोकून बसवली नाही, तर ती सैलच राहते. बाहेरून कठडा नवा दिसतो.