कौतिक आणि सिसिफस

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) कादंबरीतील कौतिकेस ग्रीक पुराणातील सिसिफसची भगिनी ठरविण्याचा मोह तत्त्वचिंतकांस सहज होईल. काम्यूने १९४२ साली त्या शिळा ढकलणाऱ्यास सुखी कल्पिले. पण शिळेस भूक लागत नाही! पती महादेव आधीच कर्तृत्वशून्य, त्यात महारोगाने ग्रासलेला. तरी लेकरांच्या भाकरीसाठी राबणाऱ्या कौतिकेचे ओझे निरर्थक नव्हे. त्यास अर्थ आहे, म्हणूनच तिचा पराभव आमच्या जिव्हारी लागतो. वऱ्हाडीत वाढलेल्या, कापूस वेचणाऱ्या बाया नित्य पाहणाऱ्या यवतमाळच्या वाचकास हे सांगावयास नकोच. दैववादाचे लेबलही आम्हांस अमान्य आहे. दैवास बोल लावून कौतिक स्वस्थ बसती, तर कादंबरी घडतीच ना.