आधी नाव नोंदवा, मग इंजिन

मॉडेल रेल्वेच्या छंदात पितळी इंजिनांचा मान वेगळा. 1:87 प्रमाणातलं, वीतभर ते हातभर लांबीचं इंजिन. पण शिडीच्या पायऱ्या, वाफेच्या नळ्या, रिव्हेटच्या रांगा, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तैनात असलेले अमेरिकी सैनिक ही मॉडेल्स टोकियोतून घरी नेऊ लागले. पुढे पॅसिफिक फास्ट मेलसारखे अमेरिकी आयातदार आले, आणि जपानमधली मजुरी वाढली तसं बरंचसं काम दक्षिण कोरियाकडे गेलं.

यातलं खरं नाट्य घडतं ते इंजिन अस्तित्वात येण्याआधी. आयातदार जाहीर करतो: अमुक रेल्वेचं अमुक इंजिन काढायचा विचार आहे, नावं नोंदवा. (आरक्षण म्हणा हवं तर, पण आपल्याकडे तो शब्द लगेच दुसऱ्याच वादात नेतो.) पुरेशी नावं आली तर कारखान्याला ऑर्डर जाते, नाहीतर विषय संपला.

असं का? ड्रॉइंग, पत्रे कोरायच्या फिल्म, मेणाच्या साच्यांतून ओतायचे बारीक भाग, हा तयारीचा खर्च 20 नग काढा नाहीतर 200, फारसा बदलत नाही. समजा तो 40 लाख रुपये आहे. 200 गिऱ्हाइकांत वाटला तर प्रत्येकी 20 हजार, 40 जणांत वाटला तर एक लाख. त्यात सोल्डरिंगची हातमजुरी वेगळीच. त्यामुळे पाचदहा नावांची घटसुद्धा बेत बुडवू शकते.

ही पद्धत प्रामाणिक आहे, हे मान्य. माल गोदामात पडून राहत नाही. पण ती आठवणींची निवडणूकही आहे, आणि मत खिशातून द्यावं लागतं. युनियन पॅसिफिकचं 'बिग बॉय' घ्या. 1941 ते 1944 दरम्यान खरी इंजिनं बनली फक्त 25. पितळेत मात्र ते कितीतरी आयातदारांनी काढलं, कारण नाव ऐकताच लोक यादीत शिरतात. यार्डात दिवसभर डबे ढकलणाऱ्या शंटिंग इंजिनांनी रेल्वे चालवली, पण त्यांच्यासाठी रांग लागत नाही.

शिवाय मतदार म्हातारे होताहेत. अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेंवरची वाफ 1960 च्या सुमारास संपली; तेव्हा 10 वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरीपार आहे. त्याच्या बालपणी ज्या रुळांवर जे धावलं, तेच पितळेत उतरायची शक्यता जास्त. नंतरच्या पिढीने डिझेलला मत दिलं आणि कॅटलॉग तिकडे वळले.

आकडाही वाटतो तितका भरवशाचा नसतो. अनामत न घेता नुसती नावं घेतली, तर तोच माणूस दोन दुकानदारांकडे नाव देतो आणि मॉडेल आल्यावर एकच उचलतो. अनामत घेतली, तर ज्याला दोन वर्षं पैसे अडकवणं परवडत नाही तो आधीच गळतो. मला दुसरा धोका मोठा वाटतो, कारण गळणारा बहुधा तरुण असतो.

आम्ही परीक्षण लिहिणारे मात्र बनलेल्या मॉडेलचेच रिव्हेट मोजत बसतो. रद्द झालेल्या इंजिनाबद्दल कुणी ओळसुद्धा लिहीत नाही. निदान किती नावं हवी होती आणि किती आली, एवढं तरी प्रत्येक आयातदाराने उघड सांगावं. पाच नावं कमी आहेत असं कळलं, तर ती पाच माणसं शोधता येतात.